माहिती पंप धरणाऱ्यापर्यंत जाऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंबा बागायतदाराला आज सल्ल्याचा तुटवडा नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक आहे, हवामानाचे संदेश मोबाइलवर येतात, गावोगाव व्हॉट्सअ‍ॅप गट आहेत. पण हे सगळं पोचतं मालकाकडे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी बागा कराराने दिलेल्या असतात आणि फवारणीच्या पंपाची नळी अनेकदा नेपाळहून आलेल्या कामगाराच्या हातात असते. त्याला बाटली मिळते, तिचं प्रमाण कोणी समजावत नाही.

कल्टारचंच घ्या, म्हणजे कलमी झाडाची वाढ रोखून मोहोर यावा म्हणून मातीत घालायचं औषध. शिफारस झाडाच्या विस्तारावर आहे, व्यासाच्या दर मीटरला ३ मि.लि. पूर्व-पश्चिम आणि दक्षिणोत्तर विस्तार मोजून सरासरी काढायची. ८ मीटरच्या कलमाला २४ मि.लि., ५ मीटरच्याला १५. तेवढं औषध ३ ते ६ लिटर पाण्यात मिसळायचं. बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या मधोमध पहारीने गोलाकार २५ ते ३० भोकं पाडायची, १०-१२ सें.मी. खोल, आणि द्रावण सगळ्यांत सारखं ओतायचं. हे काम १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, पावसाची उघडीप बघून. त्याआधी झाडाखालचं गवत काढलेलं हवं, नाहीतर औषध गवतच ओढून घेतं.

प्रत्यक्षात बाटलीच्या टोपणाने मोजून लहानमोठ्या सगळ्या कलमांना एकच माप घातलं जातं. करारवाल्याला यंदाचं पीक हवं असतं, म्हणून हात सैलच सुटतो. औषध मात्र जमिनीत टिकून राहतं. मग पालवी आखूड येते, पेरं जवळ जवळ पडतात, मोहोर मुठीसारखा घट्ट होतो. अशा मोहोरात दव लवकर वाळत नाही, तुडतुडे आत बसतात आणि फवारा तिथवर पोचत नाही. करार संपला की असं कलम मालकाच्या पदरात पडतं.

फवारणीतही तेच. दोन बाटल्यांवर दोन नावं, आत घटक एकच, इमिडाक्लोप्रिड. नाव बदललं म्हणजे औषध बदललं या समजुतीने एकच घटक लागोपाठ मारला जातो आणि पुढे किडी त्याला दाद देत नाहीत. १७.८ टक्के इमिडाक्लोप्रिडचं प्रमाण लिटरला ०.३ मि.लि., म्हणजे २०० लिटरच्या पिंपाला फक्त ६० मि.लि. हे टोपणाने कसं साधणार? शिवाय मोहोर ऐन फुललेला असताना कीटकनाशक मारलं तर मधमाश्या मरतात आणि फळधारणाच घटते. तेवढे दिवस पंप बंद ठेवायचा, हेही त्या कामगाराला कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणून कृषी खात्याला आणि विक्रेत्यांना विनंती आहे. बिलावर कंपनीच्या नावाशेजारी घटकाचं नाव व टक्केवारी ठळक लिहावी. प्रत्येक बाटलीबरोबर मोजपात्र द्यावं. लिटरचं आणि पिंपाचं प्रमाण हिंदीत, नेपाळीत आणि चित्रांत दाखवणारा तक्ता पंपाच्या खोलीत लावायला मिळावा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात कल्टारचं आणि नोव्हेंबरात फवारणीचं प्रात्यक्षिक सभागृहाऐवजी बागेत घ्यावं, आणि त्याला मालकाबरोबर करारवाल्यालाही बोलवावं. टेप मात्र कामगाराच्या हातात द्यावी आणि एका कलमाचा विस्तार त्याच्याकडूनच मोजून घ्यावा.

आपला,
एक आंबा बागायतदार, जि. रत्नागिरी