किट मागवण्याआधी ध्वनी ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मूल अडीच-तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, की ‘जीभ जड आहे’ हे निदान घरीच होते. पूर्वी त्यावर वेखंड उगाळून जिभेला लावत, आता ऑनलाइन ‘ओरल मोटर किट’, म्हणजे तोंडाच्या व्यायामांच्या साधनांचा संच मागवतात. शिट्ट्या, पिपाण्या, वाकड्या स्ट्रॉ, च्युई ट्यूब (चावायची मऊ नळी), जिभेवर फिरवायचा व्हायब्रेटर, सगळे एका डब्यात. आम्ही वाचा-उपचार करणारे ही साधने वापरतोही. पण डबा आधी आणि ‘कोणत्या ध्वनीसाठी?’ हा प्रश्न नंतर, असा उलटा क्रम लागला की पैसे जातात आणि त्याहून मोलाचे महिने जातात.

मुळात बोलायला जिभेची फार ताकद लागतच नाही. लागते ती नेमकी जागा, वेग आणि सराव, तोही बोलण्याचाच. पिपाणी फुंकताना ओठ जे करतात ते ‘प’ म्हणताना करत नाहीत. 2009 साली अमेरिकेत तोवरच्या अभ्यासांची छाननी झाली, तेव्हा ध्वनी न काढता केलेल्या तोंडाच्या व्यायामांनी उच्चार सुधारतात असे म्हणण्याइतका पुरावा हाती लागला नाही. दुभंगलेल्या टाळूच्या शस्त्रक्रियेनंतरही नाकात बोलणाऱ्या मुलांकडून फुगे फुगवून घेणे तर थांबायलाच हवे. फुंकताना मऊ टाळूने (टाळूच्या मागच्या भागाने) नाकाची वाट नीट बंद केली, म्हणून बोलतानाही करेल असे नाही. त्यापेक्षा नाकाखाली छोटा आरसा धरून ‘पापा’ म्हणायला लावा. म्हणतानाच आरसा धुरकटला तर हवा नाकातून निसटते आहे; मूल पुन्हा शल्यचिकित्सकांना दाखवायला हवे.

उपयोगी साधन कसे असते? ‘काका’ला ‘ताता’ म्हणणारे मूल घ्या. डॉक्टर घसा बघायला वापरतात ती लाकडी पट्टी जिभेच्या टोकावर ठेवून टोक खालच्या दातांमागे हलकेच दाबून धरायचे आणि ‘ता’ म्हणायला सांगायचे. टोक वर जाऊ शकत नाही, जिभेचा मागचा भाग उचलला जातो आणि बऱ्याचदा ‘का’ ऐकू येतो. पट्टी फार आत गेली तर उमासा येतो आणि मग ते मूल पट्टी दिसताच तोंड मिटते. पाच-दहा वेळा नीट जमले की पट्टी नुसती ओठांजवळ न्यायची, मग तीही नाही. पट्टीची ही सवय सोडवणे राहिले तर उच्चार पट्टीपुरताच उरतो. ‘स’ला हवा गालांकडून फसफसत असेल तर साधी स्ट्रॉ पुरते. ती दातांसमोर धरून हळूहळू बाजूला सरकवा. जिथे आवाज वाढतो तिथून हवा निसटते, आणि मुलाला ते स्वतःच्या कानाने कळते. दोन्हींचा खर्च मिळून चहाइतकाही नाही.

च्युई ट्यूब चावणे शिकवायला, किंवा सतत कॉलर चावणाऱ्या मुलाला पर्याय म्हणून ठीक आहे. बोलते करायला नाही. ती पुढच्या दातांत न देता बाजूच्या दाढांवर ठेवावी. अखंड, जोड नसलेली, पूर्ण तोंडात न जाणारी निवडावी. दाताने चीर पडली की टाकून द्यावी. दोरीत ओवून गळ्यात घालून मुलाला झोपवू नये. व्हायब्रेटरचे टोक ओढून निघते का, बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद आहे का, हे आधी पाहा. बटणासारखा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. फिट येणाऱ्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्हायब्रेटर लावू नये. स्ट्रॉने पिताना ठसका लागत असेल तर स्ट्रॉ बंद, आधी गिळण्याची तपासणी.

आणि या सगळ्याच्याही आधी श्रवणचाचणी, म्हणजे ओएई किंवा बेरा (लहान मुलाच्या उत्तराची वाट न पाहता यंत्राने होणाऱ्या तपासण्या). नीट ऐकूच न येणाऱ्या मुलाच्या जिभेला मालिश करून काय होणार? जिल्हा रुग्णालयांतील डीईआयसी (मुलांमधील अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या) केंद्रांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मुलांची तपासणी मोफत होते.

थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा सीआरआर (नोंदणी) क्रमांक आहे का, हे पालकांनी जरूर विचारावे. आमच्या व्यवसायबंधूंना विनंती अशी की साधन सुचवताना कागदावर ध्वनी, रोजची मिनिटे आणि ते बंद करण्याची तारीख लिहून द्यावी.

आपल्या,
दोन वाचा-उपचारतज्ज्ञ, पुणे
(कृपया नावे प्रसिद्ध करू नयेत)