मंदारला पत्र: ‘बॉयहूड’ची वाट बघताना

ऑस्टिन, टेक्सास
22 जून 2014

प्रिय मंदार,

आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. त्यांना माझा नमस्कार सांग. बाकी घरचं सगळं फोनवर बोलूच. हे पत्र एकाच गोष्टीसाठी लिहितोय.

दिग्दर्शक रिचर्ड लिंकलेटरचा नवा सिनेमा ‘बॉयहूड’ 11 जुलैला न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसला लागतोय, त्यामागोमाग आमच्याकडे येईल. खरं तर हा सिनेमा आमच्याकडचाच. लिंकलेटर ऑस्टिनचा, शूटिंगही टेक्सासमध्येच झालंय. 1985 साली त्याने इथे फिल्म सोसायटी सुरू केली, ती अजून जोरात चालू आहे. मार्चमध्ये इथल्या महोत्सवात ‘बॉयहूड’ दाखवला, तेव्हा मी नेमका कामासाठी बाहेरगावी होतो. तोवर सनडान्स महोत्सवात तो दाखवून झाला होता, बर्लिनच्या महोत्सवात दिग्दर्शनाचा सिल्व्हर बेअर पुरस्कारही मिळाला होता.

त्याने केलंय काय, तर 2002 मध्ये एलर कोलट्रेन नावाचा एक लहान मुलगा निवडला आणि 2013 पर्यंत दरवर्षी थोडे थोडे दिवस त्याच्यावर शूटिंग केलं. मुलगा तोच, आई पॅट्रिशिया आर्केट, वडील ईथन हॉक, आणि बहिणीच्या कामाला लिंकलेटरची स्वतःची मुलगी लोरेलाय. बारा वर्षांत शूटिंगचे दिवस सगळे मिळून चाळीसेक! पहिलीतलं पोर शेवटी कॉलेजला निघतं. मेकअप नाही, मोठेपणीचा वेगळा नट नाही.

तुला फिल्म अर्काइव्हमध्ये पाहिलेला सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ आठवतो ना? पैसे संपले की राय यांचं काम थांबायचं, असं करत सिनेमा जवळजवळ तीन वर्षं रेंगाळला. तेवढ्यात छोट्या अपूचा आवाज फुटला नाही, त्याची बहीण दुर्गा मोठी दिसायला लागली नाही आणि म्हातारी इंदिर ठाकरुण गेली नाही, या तीन चमत्कारांमुळे आपण वाचलो, असं राय म्हणायचे. मला राहून राहून हेच आठवतंय. राय यांना पोरांनी वाढू नये म्हणून देव पाण्यात ठेवावे लागले, आणि या माणसाचा अख्खा सिनेमा पोराच्या वाढण्यावरच उभा आहे. अपूसुद्धा आपण तीन सिनेमांत वेगवेगळ्या चेहऱ्यांनी पाहिला आणि मनाने ते चेहरे जोडून घेतले. इथे जोडायचं काहीच नाही. हे कुणी याआधी एका सिनेमात केल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि यात जोखीम किती, विचार कर. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे सात वर्षांहून लांबचा करार कुणाला बांधून ठेवू शकत नाही, त्यामुळे सगळी मंडळी निव्वळ शब्दावर परत येत राहिली. मधेच लोरेलाय कंटाळली आणि ‘माझ्या पात्राला मारून टाका’ म्हणाली! लिंकलेटरने हॉकला सांगून ठेवलं होतं, मी मेलो तर सिनेमा तू पुरा कर. आयएफसी फिल्म्स वर्षाला साधारण दोन लाख डॉलर देत राहिली. हातात दाखवण्यासारखं काही नसताना बारा वर्षं पैसे देणारी कंपनी! मधल्या काळात सगळं जग डिजिटलकडे गेलं, पण हे शेवटपर्यंत 35 एमएमच्या फिल्मवरच थांबले, चित्राचा पोत एक राहावा म्हणून. असा हट्ट धरणाऱ्यांबद्दल मला फार माया वाटते.

आणखी एक गोष्ट, जी तुलाच सांगता येईल. तुझी सानू 2002 चीच. तू तिला रोज बघतोस, म्हणून ती कधी वाढली ते तुला कळतही नसेल. मी येतो सुट्टीत. एका खेपेला पुढचे दात नसतात, पुढच्या खेपेला चष्मा असतो, त्यापुढच्या खेपेला दार उघडून ‘काका’ म्हणते आणि पुस्तक घेऊन आत निघून जाते. मधलं सगळं माझं गळालेलं. म्हणजे मी तिला लिंकलेटरच्याच पद्धतीने पाहिलंय. सिनेमात मधे ‘एक वर्षानंतर’ अशा पाट्या नाहीत म्हणे, केस बदलले की आपण ओळखायचं. ते तुकडे सलग लागल्यावर काय दिसतं, मधलं गळालेलं कुठून तरी जाणवतं का, हे मला बघायचंय.

165 मिनिटं आहे. मोठं कथानक नाही, कुणाचा खून नाही, रहस्य नाही. मुलगा शाळेत जातो, आईबाप वेगळे राहतात, घरं बदलतात. एवढ्यावर पावणेतीन तास माणूस खिळून राहील का, ही धाकधूक मलाही आहे. पण ‘बिफोर सनराइज’मध्ये दोन माणसं नुसती बोलत चालली होती आणि आपण दोघं तो संपल्यावर डेक्कनपासून कोथरूडपर्यंत चालत गेलो होतो, त्याच माणसाचा हा सिनेमा आहे.

तेव्हा एक कर. तुमच्याकडे लागेपर्यंत थांब, कुठून तरी उतरवून लॅपटॉपवर बघू नकोस. मी पहिल्याच आठवड्यात जाणार आहे. बघून आलो की लिहीन, पण गोष्ट सांगणार नाही.

तुझा,
अभय