पालकमंत्र्यांना खुले पत्र: पेल्टियर यंत्रांच्या निविदेत 45 अंश लिहा

मा. पालकमंत्री, सांगली जिल्हा
तथा अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती

महोदय,

सरकारी प्रयोगशाळांसाठी पेल्टियर पद्धतीची थंड करणारी यंत्रे (वीज सोडली की चकतीची एक बाजू गार आणि दुसरी गरम होते, त्यावर चालणारी) घेताना निविदेत नुसते '4 अंशांपर्यंत कूलिंग' लिहून भागत नाही. बाहेरचे तापमान किती असताना, हे लिहिलेच पाहिजे. माहितीपत्रकातले आकडे बहुधा 25 अंशांच्या खोलीतले असतात. सांगली-मिरजेत मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत तसे 25 अंश कुठून आणायचे?

साधा हिशेब बघा. पेल्टियर चकती 20 वॅट उष्णता ओढते आणि स्वतः 50 वॅट वीज खाते, म्हणजे हीटसिंकला (गरम बाजूची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पंखांना) 70 वॅट बाहेर टाकावे लागतात. दर वॅटला 0.2 अंशच तापणारा चांगला हीटसिंक असला, तरी गरम बाजू हवेपेक्षा 14 अंशांनी वर राहते. खोली 25 ला असेल तर गरम बाजू 39, खोली 42 ला असेल तर 56. आत 4 अंश ठेवायचे तर चकतीवरचा फरक 35 वरून 52 होतो. एकेरी (एकाच थराच्या) चकतीचा कमाल फरक साधारण 70, तोही ओढायची उष्णता शून्य असताना. त्यात पेटीच्या भिंतींतून आत झिरपणारी उष्णताही जवळपास पावणेदोन पट होते. करंट वाढवून हे सुटत नाही. एका मर्यादेनंतर चकती स्वतःच तापते.

म्हणून लसी आणि रक्ताच्या साठ्यासाठी पेल्टियर फ्रिज घेऊच नये, तिथे कॉम्प्रेसरच हवा. जिथे थोड्या जागेत नेमके तापमान लागते, तिथे मात्र पेल्टियरला तोड नाही. पीसीआर यंत्र (डीएनएच्या प्रती काढणारे) चकतीच्या विजेचे ध्रुव उलटवून त्याच ब्लॉकला 95 वरून 60 वर आणते. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रिफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर ब्रिक्समध्ये, म्हणजे टक्क्यांत मोजणारे यंत्र) 20 अंशांवर धरावा लागतो. 20 ब्रिक्सचा नमुना 30 अंशांवर मोजला आणि दुरुस्ती केली नाही, तर आकडा सुमारे पाऊण ब्रिक्सने कमी येतो. कुपवाडच्या फाउंड्रीत व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राच्या) पॅनेलसाठीही पेल्टियरच बरे. पॅनेल बंद राहते, लोखंडाची धूळ आत जात नाही, आणि फरक थोडा असल्याने विजेचा खर्चही परवडतो.

बिघाड बहुतेक त्याच-त्याच जागी होतात. फॅन-हीटसिंकमध्ये धूळ बसते. थर्मल पेस्ट सुकते. स्क्रू एका बाजूने जास्त आवळला की सिरॅमिक तडकते. साध्या थर्मोस्टॅटच्या चालू-बंदने सोल्डरचे सांधे थकतात, म्हणून पीआयडी नियंत्रण (पूर्ण बंद न करता वीज कमी-जास्त करत तापमान धरणारे) मागा. पावसाळ्यात थंड बाजूवर दव साचते. कडा सिलिकॉनने बंद नसतील तर आतले सांधे गंजतात. चकती तपासायला मल्टिमीटर चालत नाही, कारण दोन बाजूंच्या तापमानातल्या फरकाने तिच्यातच व्होल्टेज तयार होते. 1 किलोहर्ट्झवर एलसीआर मीटरने (उलटसुलट वाहणारा प्रवाह देऊन मोजणाऱ्या) रोध मोजावा. 12706 या मॉडेलच्या चकतीचा तो साधारण 2 ओहम असतो. तिथून 10 टक्के वर गेला तर चकती बदलायला झाली.

मागणी एवढीच: निविदेत 45 अंश बाह्य तापमानाची अट घाला. स्वीकृतीची चाचणी मे महिन्यात, भरलेल्या यंत्रावर, आठ तास सलग घ्या आणि तापमानाची नोंद बिलाला जोडायला लावा. दोन जादा चकत्या, एक फॅन आणि पेस्टची ट्यूब यंत्राबरोबरच मागवा.

आपले,
प्रयोगशाळा उपकरणांचे दुरुस्ती तंत्रज्ञ,
मिरज-कुपवाड