‘हलवू नये’: नियतकालिक विभागातल्या मामांना

आदरणीय मामा,

सादर नमस्कार.

शनिवारी पेढे घेऊन ग्रंथालयात आले होते. तोंडी परीक्षा झाली, पीएच.डी.चं पत्र हातात पडलं, की पहिला पुडा देवापुढे आणि दुसरा नियतकालिक विभागात, असं मी केव्हाच ठरवून ठेवलं होतं. तुम्ही रजेवर होतात. जिन्याजवळच्या फलकावर दोन कागद लावलेले दिसले. एकावर या महिनाअखेरीस नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होणाऱ्या तीन कर्मचाऱ्यांची नावं होती, त्यात तिसरं तुमचं. शेजारच्या कागदावर पुढच्या सत्रापासूनची व्यवस्था दिली होती. नियतकालिक विभाग संदर्भ विभागात विलीन होणार. जुने बांधीव खंड तळघरातल्या भांडारात जाणार, आणि हवे असतील तर दोन दिवस आधी मागणी नोंदवायची. दोन मजल्यांना मिळून एक परिचर. रिकाम्या होणाऱ्या तीन जागा कधी भरणार, भरणार की नाही, याबद्दल अक्षरही नव्हतं.

तुमचं पूर्ण नाव मी त्या कागदावर पहिल्यांदा वाचलं. सहा वर्षं मी तुम्हाला ‘मामा’ म्हणत आले आणि तुम्ही मला ‘ताई’. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी मार्गदर्शकांचे, विभागप्रमुखांचे, प्राचार्यांचे, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे नावानिशी आभार मानले आहेत. शेवटी रीतीप्रमाणे एक ओळ, ‘ग्रंथालयातील सर्व कर्मचाऱ्यांचे सहकार्य लाभले’. त्या ‘सर्व’मध्ये तुम्हाला बसवून मी मोकळी झाले. आता तो प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या सार्वजनिक संकेतस्थळावर, चढेल, कुणीही कुठूनही उघडून वाचेल, आणि ज्या माणसामुळे तो पुरा झाला त्याचं नाव त्यात सापडणार नाही. फलकापुढे उभी असताना हे लक्षात आलं आणि मला तिथून हलवेना. म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच चारचौघांत. नाव इथेही लिहीत नाही, कारण तुम्हाला ते आवडायचं नाही हे मला माहीत आहे. पण त्या विभागात एकदा तरी येऊन बसलेल्या प्रत्येकाला पत्र कुणाला आहे ते कळेल.

तुमच्याकडे येण्याआधी मी दोन ठिकाणी फिरले होते. माझा विषय जुन्या मराठी मासिकांतल्या जाहिराती. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली सुरू केलेलं ‘मनोरंजन’, किर्लोस्करांचं १९३० पासूनचं ‘स्त्री’, अशा मासिकांतून घरातल्या बाईला काय काय विकलं जात होतं आणि कोणत्या शब्दांत, हे मला बघायचं होतं. तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणारी, चाळिशी ओलांडलेली बाई अडीच तास एसटीने येते आणि जाहिराती मागते, याचं एका ठिकाणी हसू झालं. ‘लेख सोडून जाहिराती कशाला?’ असं विचारून त्यांनी माझी चिठ्ठी तशीच परत सरकवली. दुसऱ्या ठिकाणी तीन शनिवारी तीन कारणं मिळाली. पत्रावरचा शिक्का चुकीचा, मग किल्लीवाले गृहस्थ आलेले नाहीत, मग संगणकावर ‘उपलब्ध नाही’. उठून कपाटापर्यंत कुणी गेलं नाही. खंड खरोखरच नसते तर मी निमूट परत फिरले असते. पण तिन्ही वेळा बोलणाऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं, ते अजून लागतं.

तुमच्याकडेही संगणकाने तेच सांगितलं होतं. मी चिठ्ठी घेऊन वळले तेव्हा तुम्ही मागून म्हणालात, ‘थांबा ताई. यंत्रात नाही म्हणजे कपाटात नाही असं नसतं.’ शिडी आणलीत, वरच्या फळीवरून दोन खंड उतरवलेत आणि शेजारी शेजारी ठेवलेत. एक ग्रंथालयाने बांधून घेतलेला. त्यात नुसता मजकूर. सहा-सहा महिन्यांचे अंक एकत्र बांधताना जाडी कमी व्हावी म्हणून बाइंडर मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकायचा आणि तीन बाजू कापून सारख्या करायचा, हे मला तेव्हा तुमच्याकडून कळलं. माझा सगळा विषयच त्या कात्रीखाली गेला होता. दुसरा खंड एका वकिलांच्या घरून देणगीत आलेला, घरीच कुणीतरी जाड दोऱ्याने शिवलेला, कडा वाकड्यातिकड्या. त्यात रंगीत वेष्टनांसकट सगळं जागच्या जागी होतं. केसांची तेलं, ताकदीची औषधं, घड्याळं, साबण. या संचाची नोंद जुन्या दाखल नोंदवहीत होती. ती संगणकात चढवणाऱ्या मुलांचं कंत्राट मध्येच संपलं आणि काम तिथेच थांबलं, असं तुम्ही सांगितलंत.

जुनं पान उलटायचं कसं, हेही तुम्हीच शिकवलंत. वरच्या कोपऱ्यातून उचलायचं, खाली पुरा तळवा द्यायचा, बोटाला थुंकी लावायची नाही, खंड पूर्ण पसरून दाबायचा नाही. लाकडाच्या लगद्याचा तो कागद आतल्या आम्लाने पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, मग पापडासारखा मोडतो. तुम्ही एवढंच म्हणायचात, ‘म्हातारं माणूस उठवतो तसं उठवायचं.’

आता मूळ गोष्ट.

तिसऱ्या वर्षी, पावसाळ्याच्या सुरुवातीला, दुपारी फोन आला. आईला अर्धांगाचा झटका आला होता. मी खंड उघडा टाकून, पेन्सिल तशीच सोडून, पिशवी उचलून धावत सुटले. तुम्हाला काही सांगितलंही नाही. मग दवाखाना, घर, पुन्हा दवाखाना. सहाव्या महिन्यात आई गेली. त्यानंतरही मला कागदाकडे बघवेना. मार्गदर्शकांनी दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं. नोंदणी रद्द करावी असं मनाने घेतलं होतं. अकरा महिन्यांनी एका शनिवारी आले, ती खरं सांगायचं तर निरोप घ्यायलाच.

विभाग पहिल्या मजल्यावरून खाली आला होता. कपाटांचा क्रम बदललेला, खिडकीजवळचं माझं टेबल गेलेलं. मी दारात उभी राहिले. तुम्ही मला पाहिलंत, काही विचारलं नाहीत, मागच्या कपाटातून एक खंड आणलात आणि टेबलावर ठेवलात. त्यात एक कार्ड होतं. जुन्या तालिकेतलं, खाली भोक असलेलं, टाकून दिलेल्या खणांतलं. पुढच्या बाजूला कुठल्याशा शेतकी अहवालाची टंकलिखित नोंद, मागे निळ्या बॉलपेनने तुमचं अक्षर:

‘ताईंचं चालू आहे. हलवू नये.’

कार्ड ज्या पानात होतं, तेच पान मी अकरा महिन्यांपूर्वी उघडं टाकून गेले होते. बांगड्या भरलेल्या हाताचं चित्र असलेली ती जाहिरात मी निम्मी उतरवून घेतली होती. माझी पेन्सिलही तुम्ही कार्डाला दोऱ्याने बांधून ठेवली होतीत.

‘चालू आहे’ हे दोन शब्द मी किती वेळ वाचत बसले, मला आठवत नाही. घरी, महाविद्यालयात, नातेवाइकांत, सगळ्यांनी माझं काम संपलं असं धरलं होतं, आणि त्यांत मीही होते. ते चालू आहे असं लिहून ठेवणारा माणूस एकच होता, आणि त्याला माझं गावही माहीत नव्हतं. थोड्या वेळाने तुम्ही येऊन विचारलंत, ‘आई?’ मी मान हलवली. तुम्ही टेबलाचा पंखा लावलात, खुर्ची उजेडाकडे सरकवलीत आणि तुमच्या जागी जाऊन बसलात. सांत्वनाला आलेले लोक त्या वर्षी मी पुष्कळ पाहिले. तासतास बसून बोलत. त्या दुपारी मला जी शांतता मिळाली, ती त्या सगळ्यांत कुठे नव्हती. निरोप घ्यायला आलेली मी संध्याकाळी सहाच्या एसटीपर्यंत उतरवून घेत होते.

एवढं मला माहीत होतं. शनिवारी विभागातल्या कंत्राटी मुलाच्या हातात पेढ्यांचा पुडा दिला, तेव्हा राहिलेलं कळलं. विभाग खाली हलवला तेव्हा खंडांचे सुतळीने गठ्ठे बांधून हमालांकडून नेले होते. वरून सूचना होती की संगणकात नोंद नसलेलं साहित्य वेगळं काढून भांडारात टाकावं, त्याचं पुढे बघू. वकिलांच्या घरचा तो संच त्यात जाणार होता. तुम्ही दाखल नोंदवही उघडून वरिष्ठांपुढे धरलीत आणि म्हणालात, याला दाखल अंक आहे, हा ग्रंथालयाचा आहे, आणि वाचक वाचतो आहे. मग तो सगळा संच तुम्ही स्वतः खाली आणलात, तीन-तीन खंड करून, जिन्याने. त्या दिवसांत तुमचा गुडघा धरलेला होता हेही तो मुलगा म्हणाला. मामा, यातलं एक अक्षर तुम्ही मला बोलला नाहीत.

आमच्या घाटातल्या गाडीचे एक वाहक आहेत. शाळेच्या मुली रस्त्यावर दिसल्या नाहीत तर ते मिनिटभर घंटी मारत नाहीत. आईच्या वॉर्डात रात्रपाळीला एक मावशी होत्या, त्या जाताना प्रत्येक झोपलेल्या नातेवाइकाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करून जायच्या. अशा माणसांचं काम कुठल्याच हजेरीपटात लिहिलेलं नसतं. ती रोज कामावर येतात म्हणून आपले दिवस धड जातात, आणि त्यांची बदली झाली की मग आपल्याला काय गेलं ते उमगतं.

तुमच्या दर्शनी दालनात ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांची तसबीर आहे. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिनी तिला हार घालतात, भाषणं होतात. त्यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र प्रत्येक भाषणात असतं, वाचकाचा वेळ वाचवा. अकरा महिने बंद पडलेलं माझं काम तुम्ही एका कार्डाने वाचवलंत, म्हणून मला ते सूत्र आता नुसतं भाषणातलं वाटत नाही. आणि म्हणूनच फलकावरचा दुसरा कागद मला सहन झाला नाही. ज्यांनी तो केला त्यांच्यापुढे अडचणी असतील. जागा मंजूर होत नाहीत, पदांचा आकृतिबंध अडकून पडतो, हे मी आमच्या महाविद्यालयातही बघते. पण त्या कागदावर विभाग आहेत, मजले आहेत, वेळा आहेत, आणि तुम्हाला जे माहीत आहे ते कुठेच नाही. कोणत्या संचाची वेष्टनं शाबूत आहेत, कोणत्या खंडावर चुकीचं साल सोनेरी अक्षरांत छापलं गेलंय, कोणत्या कपाटाच्या मागच्या भिंतीला ओल धरते, कोणता अंक दुसऱ्याच मासिकाच्या खंडात बांधला गेलाय. तुम्ही गेल्यावर पुढच्या सत्रात एखादी मुलगी चिठ्ठी घेऊन येईल, संगणक ‘उपलब्ध नाही’ म्हणेल, आणि तिला मागून थांबवणारं कुणी नसेल. तळघरात दोन दिवस आधी मागायचं, तर आधी काय मागायचं ते तिला माहीत हवं ना?

ग्रंथपाल साहेबांना मी वेगळं पत्र दिलं आहे. खंड तळघरात नेण्याआधी त्या संचाची नोंद संगणकात चढवावी आणि एखाद्या नव्या माणसाला तुमच्याजवळ बसवावं, अशी विनंती केली आहे. त्यांनी ते वाचलं, बघतो म्हणाले. ते बघतीलही. पण महिनाअखेरीला फार दिवस राहिलेले नाहीत.

म्हणून मी महाविद्यालयातून चार दिवसांची रजा काढली आहे. सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीने येते. दोनशे पानी वही आणते, ती पेन्सिलही आणते. तुम्ही कपाटांपुढून चालायचं आणि बोलायचं, शिडी मी चढेन. पहिल्या कपाटापासून सुरुवात करू. वही पुरी झाली की तिची एक प्रत विभागाच्या टेबलावर राहील आणि तिच्यावर तुमचं नाव मी पूर्ण लिहिणार आहे, त्याला नाही म्हणू नका.

कार्ड मात्र परत देणार नाही. ते माझ्याकडे आहे, प्रबंधाच्या घरच्या प्रतीत, ऋणनिर्देशाच्या पानावर.

पेढे त्या मुलाने तुमच्यासाठी ठेवले असतीलच. नसतील तर सोमवारी आणतेच.

आपली,
जाहिरातवाल्या ताई