टन नको, फूट सांगा

संपादक साहेब, नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की नालेसफाई इतके टक्के झाली, इतके टन गाळ काढला अशा बातम्या सुरू होतात, तुमच्या पेपरातही येतात. पण ओल्या गाळाच्या वजनात पाणी किती नि माती किती हे कोणी विचारत नाही. आमच्या सेक्टरच्या मागे तर काढलेला गाळ नाल्याच्याच काठावर ढीग लावून ठेवतात, सुकल्यावर उचलणार म्हणे, तोवर एक जोरदार सर येते आणि बराचसा माल परत आत. टन मात्र मोजून झालेले असतात.

त्यापेक्षा मोठी गोष्ट होल्डिंग पॉन्डची. सिडकोने खाडीकाठची जमीन भरून नवी मुंबई उभी केली, त्यातला बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली, म्हणून डच पद्धतीने हे तलाव ठेवले. भरतीला खाडीच्या पाण्याच्या दाबाने फ्लॅप गेट, म्हणजे तलावाच्या तोंडाची एकाच बाजूला उघडणारी झडप, आपोआप बंद होणार, पावसाचं पाणी तलावात थांबणार आणि ओहोटीला खाडीत निघून जाणार. आयडिया एक नंबर, पण गेट नीट लागत नसेल तर साधारण दर साडेबारा तासांनी भरतीचं गढूळ पाणी आत शिरतं, आत ते संथ होतं, खाऱ्या पाण्यात मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात नि तळाला बसतात, ओहोटीला पाणी जातं पण गाळ बराचसा तिथंच राहतो. वरून पारसिकच्या डोंगराची माती आणि बांधकामांचा राडारोडा पावसाबरोबर येतो तो वेगळाच. मग त्या उथळ चिखलात कांदळवन उगवतं, त्याच्या मुळांत अजून गाळ अडकतो, आणि २०१८ च्या हायकोर्टाच्या निकालानंतर कांदळवनाला हात लावायचा तर कोर्टाची परवानगी लागते. ते बरोबरच आहे, खाडीकाठ कांदळवनानेच टिकलाय! पण तलावात झाडं उगवण्याइतका गाळ साचेपर्यंत सगळे काय करत होते?

आणि काढलेला गाळ टाकायचा कुठे? धरणातला गाळ सरकारी योजनेत शेतकरी शेतात नेतात, आपल्या खाडीचा खारट, त्यात कारखान्यांच्या नाल्यांचं पाणी मुरलेलं, तो कोणी फुकट दिला तरी नेणार नाही. त्यामुळे जागा टेंडर काढायच्या आधीच ठरवायला हवी, पोकलेन लावल्यावर नाही.

माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक पॉन्डची मूळ डिझाइनमधली खोली आणि आजची खोली तिथेच बोर्डावर लिहा, पावसाळ्याआधी एकदा नि नंतर एकदा मोजून. खोली मोजणं काही अवघड नाही, आपल्या दिवाळे गावचा कोळी बांबू टाकून सांगेल. तुमचे रिपोर्टर नालेसफाईच्या पाहणीला जातात तेव्हा त्यांनी हे आकडे मागावेत, आणि जमलं तर फ्लॅप गेट शेवटचं कधी दुरुस्त केलं तेही विचारावं.

आपला,
एक वाचक, वाशी