पाटीवरची दुसरी ओळ

महोदय,

सार्वजनिक पाट्यांवर भाषिक अल्पसंख्याकांच्या भाषेला स्थान द्यावे की नाही, हा विषय निघाला की ‘त्यांना बहुसंख्याकांची भाषा वाचता येतेच, मग दुसरी ओळ हवी कशाला?’ असा सवाल हमखास केला जातो. पाटीचे काम केवळ वाट दाखवण्याचे असते, तर हा सवाल बिनतोड ठरला असता. पण वेशीवरची पाटी गाव कोणाचे आहे हेही सांगत असते. जे नाव पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडी आहे तेच तिच्यावर नसेल, तर त्यांना स्वतःच्या गावात उपरे असल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे.

ऑस्ट्रियातील कॅरिन्थिया प्रांतात याच दुसऱ्या ओळीवरून दोन पिढ्या संघर्ष चालला. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाला पुन्हा स्वतंत्र करणाऱ्या १९५५ च्या राज्यकराराच्या सातव्या कलमाने मिश्र वस्तीच्या भागांत जर्मनबरोबर स्लोव्हेन भाषेतही पाट्या लावण्याचे बंधन सरकारवर घातले होते. १९७२ मध्ये त्या लागताच जमावांनी उपटून टाकल्या. पुढे अल्पभाषकांचे प्रमाण २५ टक्के असावे अशी अट आली. २००१ मध्ये सांविधानिक न्यायालयाने ती रद्द केली आणि १० टक्क्यांच्या आसपासचे प्रमाणही पुरेसे मानले, तरीही प्रांतिक सत्ताधारी बधले नाहीत. २००६ मध्ये तर ब्लायबुर्ग गावाची फक्त जर्मनमधील पाटी काही मीटर सरकवण्यात आली, जेणेकरून तिच्याबाबतचा न्यायालयाचा निकाल जुन्या जागेवरील पाटीपुरताच होता असे म्हणता यावे. त्या पाटीवर गावाचे ‘प्लिबेर्क’ हे स्लोव्हेन नाव यावे, एवढीच मागणी होती. अखेर २०११ मध्ये १६४ ठिकाणांवर तडजोड झाली. करारातले वचन रस्त्यावर दिसायला ५६ वर्षे लागली.

टक्केवारीच्या या हिशेबात मला सर्वांत मोठा धोका दिसतो. भाषा बोलणारे आधीच घटत असतात. घटले म्हणून पाटीवरून नाव काढले, तर उरलेल्यांनाही ‘तुमचे दिवस संपले’ असेच सांगितल्यासारखे होते. फिनलंडच्या कायद्याने याचा विचार केलेला दिसतो. तिथे अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण किमान ८ टक्के किंवा संख्या किमान ३,००० असली, की ती नगरपालिका द्विभाषिक ठरते. मात्र हा दर्जा जायचा तर संख्या ३,००० च्या खाली आणि प्रमाणही ६ टक्क्यांच्या खाली जावे लागते. मिळण्याची पायरी आणि गमावण्याची पायरी एकच ठेवलेली नाही, ही दूरदृष्टी अनुकरणीय आहे.

दुसरी ओळ मिळाली म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. मोठ्या अक्षरांतील नावाखाली बारीक पट्टी डकवली, तर ती कायद्याची पूर्तता होईल, मान होणार नाही. शिवाय मजकूर तपासायला त्या भाषेचा जाणकार लागतोच. २००८ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे अवजड वाहनांना मनाई करणाऱ्या रस्त्यावरील फलकावर वेल्श भाषेत ‘मी सध्या कार्यालयात नाही, भाषांतराचे काम पाठवून द्या’ असा मजकूर छापला गेला होता. भाषांतरकाराकडून ईमेलवर आलेले आपोआप उत्तरच भाषांतर समजून थेट छपाईला गेले होते. अनेकांना ही गोष्ट गमतीची वाटते. मला मात्र ती क्लेशदायक वाटते, कारण लिहून घेण्यापासून फलक उभा करण्यापर्यंतच्या साखळीत तो मजकूर वाचू शकणारा एकही माणूस नव्हता, असाच त्याचा अर्थ होतो.

म्हणून द्विभाषिक पाट्यांचा नियम करताना दोन्ही भाषांतील अक्षरांचा आकार समान असावा, हे नियमातच लिहावे आणि फलक रंगवण्यापूर्वी त्याचा मसुदा ती भाषा घरात बोलणाऱ्या स्थानिकांकडून वाचून घेणे बंधनकारक करावे. स्थलनामांच्या बाबतीत तर गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारूनच वर्णलेखन ठरवावे. नकाशावरून उतरवलेले नाव बरेचदा परक्या कानांनी ऐकलेले असते.

आपला,
एक वाचक