मंत्रिमहोदय, ती आरामखुर्ची भंगारात काढू नका

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात कोकणातल्या एका शासकीय विश्रामगृहात दोन रात्री मुक्काम पडला. माझं काम लाकडी फर्निचर करण्याचं आणि जुनं दुरुस्त करण्याचं, त्यामुळे कुठेही गेले तरी नजर आधी खुर्चीच्या पायांकडे जाते. खोलीतलं टेबल नवंच दिसत होतं. वरून सागासारखं लॅमिनेट, आत पार्टिकल बोर्ड. खालची कड पाणी पिऊन फुगली होती, लॅमिनेटचा कोपरा सुटून वर आला होता, आणि ड्रॉवर ओढला की त्याची मूठ स्क्रूसकट हातात येत होती. लोखंडी खुर्च्यांचा रंग वेल्डिंगच्या जागी उडाला होता आणि तिथून गंजाचे ओघळ फरशीवर उतरले होते.

मागच्या पडवीत मोडक्या पलंगांच्या ढिगात एक सागवानी आरामखुर्ची पडलेली होती. पाय लांब करून वर टाकता येतील असे लांबलचक हात, मागे कललेली पाठ. बैठकीचा वेत मधोमध फाटलेला. मी ती बाहेर ओढली आणि उलटी केली. खालच्या आडव्या पट्टीवर पांढऱ्या रंगात कार्यालयीन नोंदीचा क्रमांक होता, अर्धा पुसलेला. त्याच्या जवळच पटाशीच्या टोकाने मारलेल्या बारीक खुणा होत्या. एका पायावर एक रेघ आणि तो ज्या खाचेत बसतो तिच्याशेजारीही एक रेघ. पुढच्या पायावर दोन, खाचेशेजारी दोन. असं चारपर्यंत. कुठला पाय कुठे बसायचा, हे विसरू नये म्हणून त्या सुताराने केलेली ती नोंद. प्रत्येक सांधा त्याने त्या त्या पायाच्या मापाने वेगळा कोरला होता. एकही स्क्रू नाही. मी खुर्ची दोन्ही हातांनी हलवून पाहिली, करकरलीसुद्धा नाही.

खानसामा म्हणाला, "ताई, ती निर्लेखनाच्या यादीत आहे."

निर्लेखन म्हणजे वस्तू नोंदीतून काढून भंगारात देणं. हे पत्र त्या यादीबद्दल आहे.

पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा रेझिनमध्ये घालून दाबलेली फळी. कोरड्या हवेत, बंद खोलीत ती बरी चालते, तिला सरसकट नावं ठेवायची नाहीत. पण जिथे चार महिने भिंतींना ओल असते, तिथे उघड्या कडेतून पाणी शिरलं की चुरा फुगतो आणि परत बसत नाही. स्क्रूचं भोक एकदा सैल झालं की त्याच जागी स्क्रू पुन्हा धरत नाही. म्हणजे त्या टेबलाला दुरुस्ती अशी नाहीच. सागाचं तसं नाही. सागात स्वतःचं तेल असतं, वाळवी त्याला सहसा लागत नाही. जुने सुतार सांधा सरसाने, म्हणजे हाडं-कातडी उकळून केलेल्या गोंदाने, चिकटवत. हा सरस ऊब आणि ओल मिळाली की मऊ होतो, म्हणून साठ वर्षांनीसुद्धा सांधा न फोडता उघडता येतो आणि पुन्हा बसवता येतो. कपाटाच्या दाराची फळी ते चौकटीच्या खोबणीत मोकळी ठेवत, चिकटवत नसत, कारण पावसाळ्यात लाकूड आडवं वाढतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं, हे त्यांना ठाऊक होतं. वेताच्या बैठकीतून हवा खेळते, पाठीला घाम येत नाही. ही आपल्या हवेतून, आपल्या झाडांतून आणि आपल्या माणसांच्या बसण्याउठण्यातून घडलेली रचना आहे. स्थानिक डिझाइन म्हणजे माझ्या लेखी हेच.

महोदय, सरकारी कचेरीची खुर्ची किती मोलाची ठरू शकते, याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. चंडीगड वसवलं जात असताना, १९५०च्या दशकात, तिथल्या कचेऱ्या, न्यायालय आणि विद्यापीठासाठी स्विस वास्तुरचनाकार पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली हजारो खुर्च्या-टेबलं केली गेली. यूली चौधरींसारख्या भारतीय वास्तुरचनाकारही त्या कामात होत्या. साग आणि वेत, आणि करणारे हात स्थानिक सुतारांचे. पुढे कचेऱ्यांना नवं फर्निचर आलं आणि या खुर्च्या गच्च्यांवर, जिन्यांखाली जाऊन पडल्या. भंगाराच्या भावाने लिलाव झाले. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, पॉलिश केल्या, आणि युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत त्या लाखो रुपयांना विकल्या गेल्या. शेवटी २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला या वारसा-वस्तूंची विक्री थांबवण्याचे आदेश द्यावे लागले. आज जगभरचे संग्राहक त्या खुर्चीच्या मागे काय शोधतात? कार्यालयाने रंगवलेला नोंदणी क्रमांक. ती तिच्या खरेपणाची एक खूण मानली जाते.

पडवीतल्या आरामखुर्चीला जगाच्या लिलावात किंमत यावी म्हणून मी हे सांगत नाही. ती त्याच विश्रामगृहाच्या व्हरांड्यात असावी आणि तिच्यावर लोकांनी बसावं, एवढंच मला हवं आहे. पण चंडीगडला जी चूक झाली ती आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत दरवर्षी थोडी थोडी होते आहे, आणि तिची बातमीही होत नाही.

आणि आपल्याकडे काय कमी आहे? एकोणिसाव्या शतकात मुंबईत घडलेलं शिसवी कोरीव फर्निचर युरोपात जात होतं. सावंतवाडीच्या चितारआळीत लाखेच्या रंगाने लाकूड रंगवणारे हात आजही आहेत. विदर्भात बुरूड समाजाची बांबूवरची पकड आहे, आणि २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेल्यापासून तो तोडणं आणि नेणं सोपं झालं आहे. संसदेच्या नव्या इमारतीसाठी सागवान नागपूरहून गेलं. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून गेलं, तेव्हा गावाने लाकडाची मिरवणूक काढली. लाकडाचा एवढा मान राखणारे आपण, ते लाकूड घडवणाऱ्याकडून एक बाक घेत नाही.

घेत नाही, कारण त्याला निविदाच भरता येत नाही. माझ्या ओळखीच्या एका सुताराची गोष्ट सांगते. तालुक्याच्या गावी त्याचं दुकान आहे, हाताखाली दोन पोरं. शाळांच्या बाकांची निविदा निघाली म्हणून मोठ्या उमेदीने कागद घेऊन गेला. तीन वर्षांची उलाढाल, आधीच्या शासकीय पुरवठ्याचे दाखले, अनामत रक्कम, आणि सगळ्या जिल्ह्याचा पुरवठा एकाच ठेकेदाराकडून, तोही महिन्याभरात. नमुना म्हणून त्याने अस्सल लाकडाचा बाक करून नेला होता, पण तपशिलात लॅमिनेटचा बोर्ड लिहिलेला, त्यामुळे बाक कुणी हात लावूनही पाहिला नाही. तो मला म्हणाला, "दोन हजार बाक मी नाही करू शकत. पण माझ्या गावच्या शाळेचे चाळीस करीन, आणि मोडले तर मीच सायकलवर जाऊन ठोकून येईन." ज्याने बाक केला तोच दुरुस्तीला हाकेच्या अंतरावर आहे, ही गोष्ट निविदेच्या कुठल्या रकान्यात बसते?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. १८ पारंपरिक व्यवसायांत सुतार आहे. प्रशिक्षण मिळतं, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते, कर्जही मिळतं. चांगली योजना आहे, मी चार जणांचे अर्ज स्वतः भरून दिले. पण नव्या रंध्याला धार लावून बसलेल्या माणसाला शेवटी काम लागतं, आणि राज्यात फर्निचरचं एक मोठं गिऱ्हाईक आपलं सरकारच आहे.

म्हणून माझं मागणं आपल्या खात्यापुरतं आणि साधं आहे. विश्रामगृहं, कचेऱ्या, जुने बंगले यांतली कुठलीही अस्सल लाकडाची वस्तू निर्लेखित करण्याआधी एका जाणत्या सुताराने ती उलटी करून पाहावी आणि दुरुस्त होते की नाही ते लिहून द्यावं. दरसूचीत वेत विणणं, सांधा उघडून बसवणं, हाताचं पॉलिश करणं या कामांना आजच्या मजुरीला धरून दर असावा, नाहीतर कुठलाही अभियंता मनात असूनही ते काम काढू शकणार नाही. नव्या खरेदीत तालुकानिहाय लहान वाटे पाडावेत आणि तपशिलात बोर्डाचं नाव लिहिण्याऐवजी वस्तूने काय सोसायला हवं ते लिहावं: किती वजन, किती ओल, किती वर्षं, आणि दुरुस्त होण्याची अट. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतल्या सुतारकामाच्या मुलांकडून या जुन्या वस्तूंची मोजमापं घेऊन नकाशे काढून घेतले आणि ते सर्वांसाठी खुले ठेवले, तर उद्या कुठल्याही गावचा सुतार तीच आरामखुर्ची नव्याने करू शकेल. मला यातलं हे शेवटचं सर्वांत जवळचं वाटतं, कारण खुर्चीच्या पोटात दडलेल्या त्या रेघा वाचायला शिकवणारी माणसं आता थोडी उरली आहेत.

आपण म्हणाल, घर सजवणाऱ्या लोकांच्या आवडीचं काय? माझ्याकडे येणारी तरुण जोडपी फोनवर खोल्यांचे फोटो दाखवतात. परक्या थंड देशातल्या खोल्या, जाड गाद्यांचे सोफे, आपल्या दमट हॉलमध्ये ज्यांना बुरशी धरेल असे. मी त्यांना दोष देत नाही. शाळेत, दवाखान्यात, तहसील कचेरीत त्यांनी आजवर जे पाहिलं ते फुगलेला बोर्ड आणि गंजलेली नळी. चांगली हातची खुर्ची ही नेहमीच्या वापरातली वस्तू असू शकते, हे त्यांना कुणी दाखवलंच नाही. माझ्या कार्यशाळेतल्या झोपाळ्यावर ती मुलं एकदा बसली की उठायला तयार नसतात. मग आपणहून विचारतात, असा आमच्या बाल्कनीत मावेल का?

त्या विश्रामगृहाचं आणि खुर्चीचं नाव-गाव मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही, खानसाम्याला त्रास नको. नोंदणी क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे वाचता आले, ते माझ्याकडे आहेत आणि आपल्या कार्यालयाने विचारले तर लगेच कळवीन. वेत भिजवून विणायला मला तीन दिवस लागतील, वाळला की तो आपोआप ताणून बसेल. मजुरी नको. फक्त पुढच्या लिलावाआधी ती खुर्ची यादीतून काढा.

आपली नम्र,
लाकडाचं काम करणारी एक नागरिक